बसऱ्याला गेलेल्या पणजोबांचं नाव

प्रश्न : आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खेड तालुक्यात. माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात 'बसऱ्याला गेले आणि तिकडेच राहिले' एवढंच घरात सांगतात. कोणत्या पलटणीत होते, कुठे वारले, कोणालाच ठाऊक नाही. माझे आजोबा तेव्हा दीड-दोन वर्षांचे होते. गावात एक दगडी पाटी आहे. या गावातून लढाईला इतकी माणसं गेली, त्यांतली इतकी कामी आली, असा आकडा तिच्यावर आहे. नाव एकाचंही नाही. घरी पत्र्याच्या ट्रंकेत राजाचा चेहरा असलेलं रुप्याचं एक पदक आणि बशीएवढी एक जड, पितळेसारखी गोल तबकडी आहे. शंभर वर्षांनंतर काही सापडेल का? की इंडिया गेटवर जाऊन नाव शोधावं?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : सापडेल. मात्र दिल्लीची गाडी इतक्यात पकडू नका. गणपतीला किंवा शिमग्याला गावी जाल तेव्हा ती ट्रंक पुन्हा उघडा. तुमच्या घरात ज्या दोन वस्तू आहेत, त्या फार थोड्या घरांत उरल्या आहेत. या पदकात औंसभर चांदी असते. एखाद्या लग्नकार्यात, आजारपणात, पीक बुडालं त्या वर्षी, अशी कितीतरी पदकं सोनाराच्या मुशीत गेली. तुमच्या घरचं गेलं नाही, म्हणजे अडचणीच्या काळातही कोणाला तरी ते विकवलं नाही. बहुधा तुमच्या पणजींनाच. त्यांच्याकडे मी शेवटी येणार आहे.

पूर्वजांचा शोध घेणारे जवळजवळ सगळे नावापासून सुरुवात करतात. शिपायाच्या बाबतीत ही वाट लवकर अडते. एकाच पलटणीत रामा जाधव चार असत आणि गोविंद शिंदे सहा. पलटणीच्या कारकुनाला माणूस नंबरानं कळे. पगार नंबरावर, कपडे नंबरावर, सुट्टी नंबरावर, आणि मेल्यावर घरी जाणारी खबरही नंबर लावूनच. त्यामुळे तुम्हाला आधी नाव नको, नंबर हवा. आणि तो नंबर ज्या पलटणीचा, ती पलटण हवी. या दोन गोष्टी हाती आल्या की पुढचं काम अर्धं झालं.

त्या दोन्ही तुमच्या ट्रंकेत आहेत. पदकाच्या तोंडावर नाही, कडेवर पाहा; नाण्याला जिथे खाचा असतात त्या जागी. तिथे बारीक इंग्रजी अक्षरं ठोकलेली असतात : आधी नंबर, मग हुद्दा, मग नाव, मग पलटण. शंभर वर्षांच्या हाताळणीनं ती झिजलेली असतील. म्हणून एक कळकळीची विनंती : चिंच, राख, भांड्याची पावडर यांतलं काहीही पदकाला लावू नका. घासलं की चांदी चमकते आणि अक्षरं जातात. पदक खिडकीशी न्या, उजेड तिरका पडू द्या, भिंग घ्या. तरीही वाचता आलं नाही तर पातळ कागद कडेवर गुंडाळून त्यावर शिसपेन्सिल आडवी फिरवा, अक्षरं कागदावर उमटतील. मग मोबाइलवर फोटो काढून ठेवा, म्हणजे पुन्हा हात लावायला नको.

पदक उलटं करून पाहा. मागच्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा पुरुष आणि १९१४ व १९१८ ही वर्षं असतील तर ते 'ब्रिटिश वॉर मेडल'. लढाऊ शिपायांना ते चांदीचं मिळालं, तर मजूर-तुकड्यांतल्या आणि पलटणीमागून जाणाऱ्या पुष्कळ कामकऱ्यांना त्याच साच्यातलं काशाचं. तुमचं रुप्याचं आहे, म्हणजे पणजोबा बहुधा बंदूक घेऊन उभे राहणाऱ्यांत होते. ट्रंकेच्या तळाशी, फडक्यांच्या घडीत, चार टोकांचा एखादा काशाचा ताराही आहे का, तेवढं बघा. '१९१४-१५ स्टार' नावाचा तो तारा ज्यांनी ३१ डिसेंबर १९१५पूर्वी रणभूमीवर पाऊल ठेवलं त्यांनाच मिळाला. तो सापडला तर पणजोबा युद्धाच्या पहिल्या दीड वर्षातच जहाजात बसले होते हे नक्की झालं. या ताऱ्यावर नंबर कडेवर नसतो, पाठीवर असतो.

आता ती बशीएवढी तबकडी. ती पितळेची नाही, काशाची आहे; व्यास बारा सेंटिमीटर. तिच्यावर हातात त्रिशूळ घेतलेली ब्रिटानिया आणि तिच्याजवळ सिंह असेल. अशा तबकड्या त्या युद्धात मेलेल्यांच्या घरी पाठवल्या गेल्या, विलायतेतल्या घरी आणि कोकणातल्याही. परत आलेल्याच्या घरी ती कधीच आली नाही. म्हणजे 'तिकडेच राहिले' या घरातल्या बोलण्याला ही तबकडी हाच पुरावा. तिच्यावर एका चौकटीत पणजोबांचं नाव उठावाच्या अक्षरांत आहे. हुद्दा नाही, नंबर नाही, पलटण नाही. मरणात सगळे सारखे, म्हणून हुद्दा मुद्दामच वगळला होता. तबकडी नाव देते आणि पदक नंबर देतं. दोन्ही एकाच घरात असणं हे भाग्य आहे.

नाव मात्र तुमच्या ओळखीचं दिसेलच असं नाही. साहेबाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं ते लिहिलं गेलं. 'जाधव' तिथे 'जाधाओ' होतो, 'पवार'चा 'पोवार', 'शिंदे'चा 'सिंदे', 'सावंत'चा 'सावुंत'. कधी आडनावाच्या जागी बापाचं नाव येतं, कधी नुसतंच 'मराठा'. आणखी एक गुंता आपल्याकडचा आहे. गावात ज्या आडनावानं लोक हाक मारतात ते एक, आणि कुळाचं म्हणून सांगतात ते दुसरं. भरतीच्या वेळी तरुणानं यांतलं कोणतं सांगितलं, ते कारकुनासमोर उभं असतानाच ठरलं. महार समाजातल्या वाचकांनी नावाच्या शेवटी 'नाक' आहे का ते पाहावं. रामनाक, सोननाक अशी नावं लष्करी कागदांत 'नाक' धरून येतात. १८९०च्या दशकात महारांची भरती इंग्रजांनी बंद केली होती. या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा ती पुन्हा उघडली आणि १९१७ साली '१११वी महार' पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर काही वर्षांतच ती मोडलीही.

पदकावर पलटणीचा आकडा १०३, १०५, ११०, ११४, ११६ किंवा ११७ असेल तर ती मराठा पलटण. १९२२च्या फेररचनेत या सहाही एकत्र येऊन एक रेजिमेंट झाली, आणि आजची मराठा लाइट इन्फन्ट्री ती हीच. १०३ची झाली पहिली, म्हणजे 'जंगी पलटण'; १०५ची दुसरी, जिला आजही 'काली पांचवी' म्हणतात; ११७ला मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, कामगिरीबद्दल 'रॉयल' हा किताब मिळाला. पण आकडा दुसराच निघाला तर गोंधळू नका. कोकणातली आणि घाटावरची पोरं खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये होती, पायोनियर आणि रायफल पलटणींत होती, खेचरांच्या तांड्यांतही होती.

नंबर आणि पलटण मिळाली की 'कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन'च्या संकेतस्थळावर जा. दोन्ही महायुद्धांत कामी आलेल्या ब्रिटिश साम्राज्यातल्या सैनिकांची नोंद ही संस्था १९१७पासून ठेवते. शोध फुकट आहे. सुरुवातीला पूर्ण नाव टाकू नका. आधी पलटण आणि नंबर टाका. तेवढ्यानं भागलं नाही तर अधिक माहितीच्या रकान्यात जिल्ह्याचं नाव इंग्रजीत टाका आणि यादी शांतपणे वाचत बसा. मराठा शिपायांच्या पुष्कळ नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा आणि शेवटी 'बॉम्बे' असं सगळं असतं. त्यात आपल्या गावाचं नाव, मोडक्यातोडक्या अक्षरांत का होईना, अचानक समोर येतं तेव्हा काय होतं ते अनुभवल्याशिवाय कळत नाही.

इथेच घाई नडते. खेड तालुका रत्नागिरीतही आहे आणि पुणे जिल्ह्यातही. आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली झाला. तेव्हा मालवण, कणकवलीची माणसं रत्नागिरी जिल्ह्यातली होती आणि सावंतवाडी वेगळं संस्थान होतं. रायगड तेव्हा कुलाबा होता. सांगली जिल्हाच नव्हता. तो मुलूख थोडा साताऱ्यात, थोडा संस्थानांत. त्यामुळे नाव जुळलं की 'सापडले' म्हणून उडी मारू नका. नंबर, बापाचं नाव आणि गाव हे तिन्ही जुळले पाहिजेत. दोनच जुळले तर ते दुसऱ्या कोणाचे तरी पणजोबा असू शकतात, आणि त्यांच्याही घरी कोणीतरी शोधत असेल.

आता तुम्ही न विचारलेली, पण तुम्हाला सांगायलाच हवी अशी गोष्ट. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि ज्यांची कबर किंवा चिता कुठे हे ठाऊक नाही अशा चाळीस हजारांहून अधिक सैनिकांचं स्मारक बसऱ्याला आहे. १९२९च्या मार्चमध्ये त्याचं अनावरण झालं. पुढे १९९७ साली ते मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर, वाळवंटात, पुन्हा उभारलं. त्यावर गोऱ्या शिपायांची नावं आहेत, अगदी साध्यातल्या साध्या शिपायाचंही. हिंदी अधिकाऱ्यांची, म्हणजे सुभेदार-जमादारांची नावं आहेत. त्याखालच्या हिंदी शिपायांची नाहीत. पलटणीचं नाव, दोन-चार सुभेदार-जमादार, आणि मग 'इतर अमुक इतके हिंदी शिपाई' असा आकडा. दर्जा, वंश, धर्म यांचा भेद न करता प्रत्येकाचं नाव कोरायचं, हे याच कमिशनचं मूळ तत्त्व होतं. आपल्या माणसांच्या बाबतीत ते पाळलं गेलं नाही, हे कमिशनने स्वतः २०२१च्या अहवालात मान्य केलं आणि त्याबद्दल माफीही मागितली. नावं नव्हतीच असं नाही. ती वह्यांत होती आणि आज संकेतस्थळावर आहेत. दगडावर तेवढी चढली नाहीत.

म्हणजे तुमच्या गावच्या पाटीवर जे आहे तेच बसऱ्यालाही आहे : आकडा. अशा पाट्या सातारा, रत्नागिरी, रायगडच्या पुष्कळ गावांत आहेत. साताऱ्याजवळचं अपशिंगे तर 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखलं जातं. त्या एका गावातले ४६ जण या युद्धात कामी आले. आकडा सांगताना आपल्याला अभिमान वाटतो, वाटायलाही हवा. पण गावानं कधीतरी बसून त्या आकड्याखालची नावं लिहून काढायला हवी होती असं मला मनापासून वाटतं. पन्नास वर्षांपूर्वी ते एका संध्याकाळचं काम होतं. आता ते तुमच्यासारख्या एकेका घरालाच करावं लागणार आहे.

इंडिया गेटबद्दलचा गैरसमज तुमच्या एकट्याचा नाही. पहिल्या महायुद्धात मेलेल्या सुमारे ७४ हजार हिंदी सैनिकांची नावं तिथे असतील असं पुष्कळांना वाटतं. १९३१ साली पूर्ण झालेल्या त्या कमानीवर तेरा हजारांहून थोडी अधिक नावं आहेत, आणि ती मुख्यतः वायव्य सरहद्दीवर व तिसऱ्या अफगाण युद्धात गेलेल्यांची. बसऱ्याकडे गेलेला माणूस तिथे सापडायची शक्यता फारच थोडी.

कमिशनच्या नोंदीत मृत्यूची तारीख मिळेल. त्या तारखेवरून पणजोबांचं काय झालं असावं याचा बराच अंदाज बांधता येतो. 'बसऱ्याला गेले' हे आपल्याकडे त्या सगळ्या मुलुखात गेलेल्यांबद्दल म्हणत. बसरा हे उतरायचं बंदर. मुंबईहून निघालेली जहाजं तिथे लागत आणि पुढे तैग्रिस नदीच्या काठाकाठानं लढाई वर सरके. नोव्हेंबर १९१५ची तारीख असेल तर बगदादच्या अलीकडची तेसिफोनची लढाई आठवा. २२ नोव्हेंबरला ती सुरू झाली आणि प्रचंड हानी सोसून सहाव्या पुणे डिव्हिजनला माघार घ्यावी लागली. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ यांमधली तारीख आणि १०३, ११० किंवा ११७ ही पलटण असेल, तर पणजोबा बहुधा कूटच्या वेढ्यात होते.

कूटबद्दल मराठी घरांत जितकं बोललं जायला हवं होतं तितकं बोललं गेलं नाही. नदीच्या वळणातलं ते लहानसं गाव. पुणे डिव्हिजन तिथे जवळजवळ पाच महिने तुर्कांच्या वेढ्यात अडकली. अन्न संपत गेलं, तेव्हा घोडे आणि खेचरं कापायची वेळ आली. आपल्या शिपायांनी ते मांस नाकारलं. धर्माची हरकत नाही अशी संमती हिंदुस्थानातून बिनतारी संदेशानं मागवली गेली, तरी कितीतरी दिवस पुष्कळांनी ते तोंडात घातलं नाही. हिरड्या सुजल्या, दात हलले, अंगात उभं राहायचं त्राण राहिलं नाही. पाण्यातून आणि जमिनीवरून सुटकेसाठी आलेल्या फौजा काही मैलांवर अडून राहिल्या. त्या प्रयत्नांत वेढ्याबाहेरचीही हजारो माणसं गेली. शेवटी शरणागती झाली आणि नोकरचाकर धरून तेरा हजारांच्या आसपास लोक कैद झाले. अशा भुकेल्या माणसांना उन्हातून चालवत बगदाद, मोसूलमार्गे पार रास-अल-ऐनपर्यंत नेलं आणि तिथे रेल्वेच्या कामावर जुंपलं. वाटेत बसलेला माणूस पुन्हा उठलाच असं नाही. म्हणून मृत्यूची नोंद १९१६च्या उत्तरार्धातली असेल तर तारखेला फार धरून बसू नका. त्या वाटेवर कोण कधी पडला हे टिपणारं शेजारी कोणी उरलं होतं की नाही, हाच प्रश्न आहे.

तारीख १९१७ची असेल तर बगदादकडची चाल. ११ मार्च १९१७ला बगदाद पडलं. ऑक्टोबर १९१८च्या शेवटची आणि पलटण ११४ असेल तर शरकतची लढाई, जिच्यात त्या एका पलटणीला शौर्याचे २८ पुरस्कार मिळाले. आणि हेही मनाची तयारी ठेवून वाचा : या आघाडीवर जितकी माणसं लढताना पडली, जवळजवळ तितकीच पटकी, आव, ताप आणि उष्म्यानं गेली. कागदावर 'आजाराने मृत्यू' असं दिसलं तर घरातल्यांना वाईट वाटतं, पणजोबा लढाईत गेले नाहीत असं वाटतं. असं वाटून घेऊ नका. पन्नास अंश उन्हात, गढूळ पाण्यावर उभं राहणं हीच ती लढाई होती.

पणजोबांच्या पलटणीची 'वॉर डायरी', म्हणजे रोजची नोंदवही, लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात असते. त्या दिवशी पलटण कुठे होती, पाऊस होता की धूळ, गोळीबार किती झाला, ते त्यात वाचायला मिळतं. शिपायाचं नाव मात्र क्वचितच मिळतं. तिथेही गोऱ्या अधिकाऱ्याचं नाव आणि बाकीच्यांचा आकडा. बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री केंद्राच्या अभिलेख कार्यालयाला नंबर आणि पलटण घालून एक साधं पत्र जरूर लिहा. फौजेत प्रत्येक शिपायाचा 'शीट रोल', म्हणजे त्याच्या नोकरीची नोंद, असतो आणि भरती झालेल्या सगळ्यांचं एक 'लाँग रोल' नावाचं रजिस्टर असतं. इतक्या जुन्या शिपायाचा शीट रोल मिळेल अशी आशा धरू नका. लाँग रोलमधली एक ओळ मिळाली तरी खूप झालं. पंजाबातल्या तीन लाखांवर सैनिकांच्या गाववार याद्या लाहोरच्या संग्रहालयात सापडल्या आणि आता त्या लोकांसाठी खुल्या होत आहेत. तसं आपल्याकडे नाही, म्हणून घरातलं पदक आपल्यासाठी इतकं मोलाचं.

इथपर्यंतचा शोध मोबाइलवर होईल. पुढचा भाग गावी जाऊनच करावा लागतो, आणि माझ्या मते खरा ऐवज तिथेच आहे.

घरात पक्षपंधरवड्यात पणजोबांचं श्राद्ध कोणत्या तिथीला घालतात, ते विचारा. ही चौकशी सहसा कोणी करत नाही. सर्वपित्री अमावास्येला घालत असतील तर मृत्यूची तिथी घराला कधी कळलीच नाही असं समजावं. चतुर्दशीला घालत असतील तर ती शस्त्रानं किंवा घातानं गेलेल्यांची तिथी. म्हणजे पणजोबा लढाईत पडले अशी खबर किंवा तसा पक्का समज त्या वेळी घरात होता. दुसरीच एखादी तिथी असेल तर ती कोणाच्या तरी पत्रातून, बरोबर गेलेल्या एखाद्या गाववाल्याच्या तोंडून आली असणार. मग त्या गाववाल्याचं घर शोधा. घरातली एखादी नव्वदीची आत्या असेल तर तिच्याशी बोलणं आधी, बाकी सगळं नंतर. कागद थांबतात, माणसं थांबत नाहीत. विचारताना 'पणजोबांची माहिती सांग' असं म्हणू नका, त्यावर काही आठवत नाही. 'ट्रंक कोणाच्या खोलीत असायची?', 'पेन्शन आणायला कोण जायचं, कुठे?' असं विचारा.

मग तहसील कचेरी. मुंबई इलाख्यात जमिनीच्या हक्कनोंदीचा कायदा १९०३चा, आणि त्यानंतर टप्प्याटप्प्यानं गावोगाव फेरफाराच्या नोंदी सुरू झाल्या. पणजोबांच्या नावावर चार गुंठे जरी असले तरी ते वारल्यावर वारसाचा फेरफार झाला असेल. 'अमुक मयत, वारस मुलगा अमुक, अज्ञान' आणि पुढे 'अ.पा.क.', म्हणजे अज्ञान पालनकर्ती म्हणून आईचं नाव. मात्र तुमचं गाव खोतीचं असेल तर पणजोबा कूळ असतील आणि जमीन खोताच्या नावे दिसेल. तेव्हा जुनं बोटखत मिळतं का ते पाहा, त्यात कुळांची नावं असतात. खोती १९४९च्या कायद्यानं गेली. त्या वेळच्या फेरफारांतही मागच्या पिढीचा उल्लेख येतो. बरेच जुने कागद मोडीत आहेत. अंदाजानं वाचू नका, मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्या. पुराभिलेख विभागाचे मोडीचे वर्ग असतात. तुम्ही मुंबईत आहात, स्वतःच शिकलात तर गावातल्या आणखी दहा घरांचं काम होईल.

गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना १४ किंवा लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात त्यात, पणजोबांचा मृत्यू शोधू नका. तो गावात झालाच नाही. आजोबांचा जन्म शोधा. १९१३-१४च्या आसपासची पानं उलटलीत तर 'मुलगा' एवढीच नोंद आणि बापाचं नाव मिळेल. तसंच शाळेचं जनरल रजिस्टर. आजोबा १९२०च्या सुमाराला शाळेत गेले असतील, तर तिथे बाप हयात नसल्यामुळे पालक म्हणून कोणाचं नाव लागलं ते बघा. चुलत्याचं, मामाचं, की आईचं.

या सगळ्या कागदांत एक माणूस हळूहळू दिसू लागेल, ज्याच्याबद्दल तुम्ही पत्रात एक शब्दही लिहिला नाही. मी तुम्हाला दोष देत नाही. आपल्या वंशावळींत बायका नसतातच. बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू, अशी ती काठी सरळ उतरते. पण तुमच्या पणजींनी दीड वर्षाचं मूल पदरात असताना नवरा बोटीवर चढवला. खबर कधी आली, कोणी वाचून दाखवली, त्यावर त्यांचा विश्वास बसला का, की त्या पुढची कित्येक वर्षं कुंकू लावून वाट पाहत राहिल्या? खेड तालुक्यातलं ते रान कोणी कसलं? पेन्शनीसाठी कोणत्या कचेरीच्या पायरीवर त्या किती वेळा बसल्या? पणजोबा सरकारच्या वहीत निदान नंबर म्हणून तरी राहिले. पणजींचं नाव कुठल्याच स्मारकाच्या यादीत यायचं नव्हतं. ते कदाचित एकाच ठिकाणी लिहिलेलं असेल : त्या फेरफाराच्या नोंदीत, 'अ.पा.क.' या तीन अक्षरांच्या पुढे. पणजोबांचा शोध घेताना तो फेरफार मिळाला तर त्याची नक्कल दोन प्रतींत घ्या. माहेर कोणतं, हे त्या कागदातही नसेल; ते आत्यालाच विचारावं लागेल, आणि लवकर.

गणपती जवळ आले आहेत. पदक घासू नका. पुढच्या पत्रात कडेवरची अक्षरं जशी दिसतील तशी, एकही न गाळता लिहून पाठवा. आणि त्यांच्याखाली पणजींचं नाव लिहा.